‘तू देवाचा पुत्र आहेस तर…’ : नव्या विश्वासणाऱ्यांनी मोहाला तोंड कसं द्यावं

बाप्तिस्मा होऊन सव्वा महिना झाला होता. कंपनीच्या कामासाठी नळाचं सामान आणायला मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. सामान झालं ११५० रुपयांचं. दुकानदाराने बिलबुक पुढे ओढलं, कार्बन नीट बसवला, पेनाचं टोपण काढलं आणि आकडा लिहायच्या आधी थांबून अगदी सहज विचारलं, ‘साहेब, किती टाकू?’

मी म्हणालो, ‘दोन हजार टाका.’

वरचे ८५० रुपये खिशात आले. पण त्या दिवशी माझं खरं नुकसान बसस्टॉपवर झालं. तिथे उभा असताना मनात एक आवाज सुरू झाला : तू कसला ख्रिस्ती? पाण्यात जाऊन ओला होऊन आलास, एवढंच. बाकी तू होतास तोच आहेस. हे मी खरं मानलं आणि पुढचे तीन रविवार उपासनेला गेलो नाही. कोणी विचारलं तर पोटदुखी सांगितली.

आज मी आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याच्या वर्गाला शिकवायला बसतो. नवे लोक हमखास विचारतात, ‘मोह आला तर काय करायचं?’ प्रश्न बरोबर आहे, पण त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारत नाही : मोह येतो तेव्हा मी कोण असतो? याचं उत्तर पक्कं नसेल तर बाकीचे उपाय चार दिवस टिकतात. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. एकेक पायरी आठवडाभर धरून ठेवली तरी चालेल.

आधी हे समजून घ्या : मोह येणं म्हणजे पाप करणं नव्हे

नव्या माणसाची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. घाणेरडा विचार आला, सूडाची इच्छा झाली, जुनी बाटली आठवली की तो म्हणतो, ‘मी पडलो.’ तो पडलेला नसतो. त्याच्या दारावर कुणीतरी टकटक केलेली असते.

याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात (१:१४-१५) यासाठी गर्भाचं उदाहरण दिलं आहे. वासना ओढते, भुलवते. मग ती गर्भवती होते आणि पापाला जन्म देते. पाप वाढलं की मरण येतं. म्हणजे ओढ आणि पाप यांच्यामध्ये काळ आहे. तो कधी दहा सेकंदांचा असेल, कधी दहा दिवसांचा, पण असतो. तुमचं सगळं काम त्या काळातलं आहे. आणि इब्री लोकांस पत्र (४:१५) सांगतं की प्रभू येशू सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोह येणं हेच पाप असतं तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या जुन्या संन्यस्तांमध्ये अब्बा पोयमेन नावाचे एक ज्येष्ठ होते. एक भाऊ त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, ‘माझ्या मनात फार विचार येतात, मी धोक्यात आहे.’ पोयमेन त्याला झोपडीबाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, ‘छाती फुगव आणि वारा आत घेऊ नकोस.’ तो म्हणाला, ‘हे कसं जमेल?’ पोयमेन म्हणाले, ‘हे जमत नाही, तसंच विचारांचं येणंही तुला थांबवता येणार नाही. त्यांच्यासमोर उभं राहणं तुझ्या हातात आहे.’

एक शब्दाची गोष्टही सांगून ठेवतो. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये ‘पैरास्मोस’ हा एकच शब्द आहे आणि त्यात परीक्षा आणि मोह हे दोन्ही अर्थ बसतात. आपण प्रभूच्या प्रार्थनेत ‘परीक्षेत आणू नकोस’ म्हणतो. काही जण त्या जागी मोह हा शब्द म्हणतात. जगभर या ओळीवर चर्चा झाली आहे. फ्रान्समधल्या कॅथलिक चर्चने २०१७ मध्ये आपल्या भाषेतलं भाषांतर बदललं, कारण देवच माणसाला मोहात ढकलतो असा अर्थ लोक घेत होते. याकोब मात्र स्पष्ट आहे (१:१३) : देव कुणालाही मोहात पाडत नाही. एकाच प्रसंगात देव तुमचा विश्वास पारखत असतो आणि सैतान तुम्हाला पाडायला बघत असतो. प्रसंग एक, हेतू दोन.

यार्देन आधी, अरण्य नंतर

आता मत्तयाचं शुभवर्तमान उघडा. तिसऱ्या अध्यायाचं शेवटचं वचन आणि चौथ्या अध्यायाची पहिली तीन वचनं सलग वाचा. अध्यायाचा आकडा मध्ये येतो म्हणून आपण थांबतो. थांबू नका.

येशू यार्देन नदीतून वर येतो आणि आकाशातून वाणी होते : ‘हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे.’ लगेच आत्मा त्याला अरण्यात नेतो. चाळीस दिवस उपास. मग परीक्षक, म्हणजे सैतान, येतो आणि त्याचे पहिले शब्द आहेत : ‘तू देवाचा पुत्र आहेस तर…’

ही वाणी झाली तेव्हा येशूने काय केलं होतं? एकही चमत्कार नाही, एकही प्रवचन नाही, एकही शिष्य नाही. सुताराच्या घरात तो मोठा झाला आणि नदीवर आला. बापाने ‘परमप्रिय’ म्हटलं ते कामाचा मोबदला म्हणून नाही. आणि परीक्षकाने तेच वाक्य उचललं, त्यातला ‘परमप्रिय’ गाळला आणि ‘तर’ घातला. एवढ्याशा ‘तर’मध्ये सगळी लबाडी आहे : पुत्र असशील तर काहीतरी करून दाखव.

लूकच्या शुभवर्तमानात हे आणखी स्पष्ट दिसतं. तिथे बाप्तिस्मा आणि अरण्य यांच्यामध्ये वंशावळ आहे. लोक ती वाचायचा कंटाळा करतात. पण तिचं शेवटचं टोक बघा (३:३८) : आदाम, आणि आदाम देवाचा पुत्र. मग लगेच चौथ्या अध्यायात अरण्य. पहिल्या पुत्राला बागेत, सगळी झाडं लगडलेली असताना विचारलं गेलं आणि तो हरला. हा पुत्र वाळवंटात, उपाशीपोटी उभा आहे. बागेत सर्प काय म्हणाला होता? फळ खाल्लं तर तुम्ही देवासारखे व्हाल. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात तर देवाने त्यांना आपल्या प्रतिरूपाचं करूनच ठेवलं होतं. जे त्यांच्याकडे होतंच, तेच त्यांना विकत घ्यायला लावलं. मोहाची ही खोड ओळखून ठेवा. मान, प्रेम, सुरक्षितता, जे बापाने दिलेलं आहे तेच तो दुसऱ्या दुकानातून घ्यायला सांगतो.

म्हणून पहिला आठवडा एवढंच करा. सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी उठून बसा आणि तोंडाने, ऐकू येईल असं म्हणा : ‘बापा, मी तुझं लेकरू आहे. येशूमुळे आहे. आज मी काही केलेलं नाही, तरी आहे.’ रोमकरांस पत्र ८:१५-१६ आणि योहानाचं पहिलं पत्र ३:१ वाचा. प्रेषित पौल म्हणतो की आपल्याला मिळाला तो दत्तकपणाचा आत्मा आहे, त्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. दत्तक म्हणजे काय हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही. दत्तक गेलेला मुलगा त्या घरात राहून राहून मुलगा होत नाही. दत्तविधान झालं त्या दिवशी होतो. घराच्या रीतीभाती तो पुढे शिकतो, चुकतो, पुन्हा शिकतो. चुकला म्हणून दत्तविधान रद्द होत नाही.

धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी १५२९ मध्ये बाप्तिस्म्यावर लिहिताना हाच सल्ला दिला : पापाने आणि विवेकाच्या टोचणीने जीव घाबरा झाला की म्हणावं, ‘काही झालं तरी माझा बाप्तिस्मा झालेला आहे.’ बसस्टॉपवर मला हे वाक्य माहीत नव्हतं.

पण बाप्तिस्मा म्हणजे ताईत नव्हे, हेही ऐका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. एवढ्या विदुषीला हे म्हणायला लाज वाटली नाही. तुम्हालाही आज काही सापडलेलं वाटत नसेल तर घाबरू नका. सांगा त्याला तसं. ‘माझं नाव तुझ्या वहीत आहे हे मला पटत नाही, मला पटवून दे,’ ही पूर्ण प्रार्थना आहे.

मोह काय मागतो ते ऐका

अरण्यातले तीन मोह पुन्हा पुन्हा वाचण्यासारखे आहेत. वरवर बघता त्यातला एकही ‘घाणेरडा’ नाही. भाकर, देवळाचा कळस, राज्यं.

पहिल्यात भूक आहे. भूक पाप नाही. चाळीस दिवस उपाशी माणसाला भाकर हवी असणं यात काय चूक? चूक होती ती बापावर न विसंबता, त्याने न सांगितलेल्या वाटेने भूक भागवण्यात. तुमच्या मोहाखालीही बहुतेक वेळा खरी भूक असते. रात्री साडेअकराला फोनवर नको ते बघणारा मुलगा पुष्कळदा एकटा असतो. उसनवारीच्या ओझ्याखालचा माणूस बिलात आकडा वाढवतो. सुनेवर आग पाखडणाऱ्या बाईचं स्वतःचं ऐकून घेणारं घरात कुणी नसतं. भुकेला नाव द्या आणि तीच बापाकडे मागा. ‘मला हा मोह नको’ एवढी प्रार्थना अपुरी आहे. ‘मला सोबत हवी आहे’ ही खरी.

दुसऱ्यात परीक्षक चक्क वचन म्हणतो. तेही स्तोत्र ९१, जे आपल्याकडे कितीतरी घरांत प्रवासाला निघताना म्हणतात. देवदूत झेलतील, उडी मार. येशूचं उत्तर जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं (६:१६) आहे आणि ते वचन आपल्याला मस्सा नावाच्या जागेकडे नेतं. तिथे तहानलेले इस्राएल लोक म्हणाले होते, परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? (निर्गम १७:७). नव्या विश्वासणाऱ्याला हा मोह फार लवकर येतो : ‘ही नोकरी मिळाली तरच देव माझा.’ देवाला अट घालणं हे दिसायला विश्वासासारखं असतं. नुसतं वचन पाठ असून भागत नाही, ते कोण म्हणतोय आणि कशासाठी म्हणतोय हेही बघावं लागतं.

तिसरा उघड आहे : मला नमन कर, सगळी राज्यं तुझी. म्हणजे वधस्तंभ टाळून राज्य. जवळची वाट.

तिन्ही उत्तरं अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत; मोशे चाळीस वर्षांच्या प्रवासाच्या शेवटी ते शब्द इस्राएलाला सांगतो. इस्राएलालाही देवाने आधी ‘माझा ज्येष्ठ पुत्र’ म्हटलं (निर्गम ४:२२), मग समुद्रातून नेलं, मग रानात. क्रम तोच. आणि येशू कुठेही ‘मी पुत्र आहे’ असं सिद्ध करायला जात नाही. ‘केवळ भाकरीने नव्हे’ म्हणतो. कुठल्याही माणसाला म्हणता येईल असं उत्तर देतो. म्हणून ते आपल्यालाही वापरता येतं.

आपली घटका ओळखा

चौथ्या शतकात इव्हाग्रियस नावाचे एक विद्वान कॉन्स्टँटिनोपलला मोठ्या मानाच्या जागी होते. एका विवाहित बाईच्या प्रेमात ते गुंतले, तिथून निघून गेले, जेरुसलेममार्गे इजिप्तच्या वाळवंटात पोचले आणि ३९९ मध्ये वारले तोवर तिथेच राहिले. त्यांनी माणसाला छळणाऱ्या विचारांचे आठ प्रकार लिहून ठेवले. त्यातल्या एका प्रकाराचं, जिवाला येणाऱ्या कंटाळ्याचं, वर्णन वाचताना वाटतं यांनी आपली दुपार पाहिली आहे. साधारण सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत तो विचार येतो. दिवस पन्नास तासांचा वाटतो. संन्यासी सारखा खिडकीकडे बघतो, सूर्य किती सरकला ते मोजतो, कोणी भाऊ येतोय का बघतो, मग वाटतं ही जागाच चुकली, हे लोकच प्रेमळ नाहीत.

त्या काळी खिडकी होती, आज हातात फोन आहे.

इव्हाग्रियस यांची शिकवण अशी की विचार झटकायच्या आधी तो बघा : कधी येतो, कशाच्या मागून येतो, कशाला घेऊन येतो. तुम्ही एक साधी वही करा. दोन आठवडे, रोज रात्री तीन ओळी. किती वाजता मोह आला. त्याच्या आधीच्या तासात काय झालं होतं, म्हणजे झोप झाली होती का, जेवलो होतो का, कुणी अपमान केला होता का, एकटा होतो का. आणि तो आवाज नेमकं काय म्हणाला. पापांची यादी करू नका, ती वही नंतर छळते. फक्त वेळ, आधीचा तास आणि वाक्य.

माझ्या वहीत मोहाच्या बहुतेक नोंदी पगाराच्या आधीच्या आठवड्यातल्या निघाल्या आणि सगळ्यांत वाक्य एकच : ‘तुझी किंमत कोणाला आहे?’ मला वाटायचं माझा मोह पैशाचा आहे.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला आधी सैनिक होते. ते म्हणतात, शत्रू किल्ल्याला फेरी मारतो आणि तट जिथे कच्चा आहे तिथेच हल्ला करतो. वही म्हणजे आपणच आधी मारलेली ती फेरी.

त्या घडीला काय करायचं

तीन गोष्टी, आणि झटपट.

वाद घालू नका. हव्वेने वाद घातला. सर्पाने विचारल्यावर तिने देवाच्या आज्ञेत ‘स्पर्शही करू नका’ एवढं आपल्या पदरचं जोडलंही (उत्पत्ती ३:३ आणि २:१७ शेजारी ठेवून बघा). येशूने प्रत्येक वेळी एक वाक्य म्हटलं आणि विषय संपवला. तुमच्या वहीतल्या त्या एका वाक्याला शास्त्रातलं एक उत्तर शोधून ठेवा आणि कार्डावर लिहून पाकिटात ठेवा. इव्हाग्रियस यांनी जवळजवळ पाचशे विचारांसाठी अशी उत्तरं जमवली होती. आपल्याला दोन-तीन पुरतात. माझं यशया ४३:१ आहे, देवाने नावाने हाक मारल्याचं.

जागा सोडा. मालकाच्या, पोटीफरच्या, बायकोने योसेफाला धरलं तेव्हा तो तिच्याशी बोलत बसला नाही. अंगरखा तिच्या हातात राहिला तरी पळाला (उत्पत्ती ३९:१२). फोन स्वयंपाकघरात ठेवून झोपायला जाणं हे अध्यात्मच आहे. ज्या रस्त्यावर दारूचं दुकान आहे तो रस्ता बदलणं हेही. हा दुबळेपणा आहे असं कोणी म्हणालं तर म्हणू द्या.

आणि बापाला हाक मारा. मोठी प्रार्थना सुचत नाही त्या वेळी. ‘येशू, धर’ पुरे.

करिंथकरांस पहिलं पत्र १०:१३ पाठ करा : देव विश्वासू आहे आणि तो निभावण्याचा मार्गही करून ठेवतो. पुष्कळदा तो मार्ग म्हणजे खोलीचं दार असतं.

एका माणसाला सांगा

इग्नेशियस यांचं आणखी एक निरीक्षण आहे. मोह हा एखाद्या चोरट्या प्रियकरासारखा वागतो. मुलीला सांगतो, वडिलांना कळू देऊ नकोस. कळलं की त्याचा डाव संपतो. माझा अनुभव तसाच आहे. जे मी वर्षभर एकट्याने लढत होतो ते एका संध्याकाळी चहा पिताना सांगितलं आणि त्याचं अर्धं वजन टेबलावरच राहिलं.

माणूस निवडताना घाई नको. पुरुषाने पुरुषाला, बाईने बाईला सांगावं. तोंड बंद ठेवणारा असावा. स्वतः कधी पडून उठलेला असावा, कारण न पडलेला माणूस लगेच उपदेश करतो. कॅथलिक वाचकांकडे पापनिवेदनाचा संस्कार आहे. तो टाळू नका, तिथे ऐकलेलं धर्मगुरू बाहेर बोलू शकत नाहीत. इतरांनी पाळकांना किंवा एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याला धरावं. पण प्रार्थनासभेत उभं राहून सगळं ओतू नका. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सुरू झालेली गोष्ट गावभर झाल्याचं मी पाहिलं आहे, आणि ती व्यक्ती परत मंडळीत आली नाही.

घरातलं ताट

आपल्याकडच्या नव्या लोकांचा एक मोह बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. घर ख्रिस्ती नाही, आई सणाचं ताट वाढते. काही जण ओळख दाखवण्याच्या भरात तिथेच ताट सरकवतात, आईला चार वचनं ऐकवतात. काही जण उलट, भीतीपोटी आपण कोणाचे हे वर्षभर लपवतात.

गंमत नव्हे, पण करिंथकरांस पत्रातलं ते १०:१३ हे वचन नेमकं नैवेद्याच्या प्रश्नावरच्या चर्चेत येतं. पौल त्याच अध्यायात म्हणतो की दुसऱ्या देवाच्या पूजेत भागी होऊ नका, आणि हेही म्हणतो की कुणी जेवायला बोलावलं तर समोर येईल ते चौकशी न करता खा (१०:२१ आणि १०:२७). पूजेत सहभाग कुठे सुरू होतो आणि जेवण कुठे, हे प्रत्येक घरात वेगळं असतं; पाळकांशी बोलून ठरवा. आईशी मात्र मऊ बोला. ताटाला नाही म्हणायचं असेल तर आदल्या दिवशी, एकांतात सांगा, पाहुण्यांसमोर नाही.

आणि ख्रिस्ती व्हायचं म्हणजे मराठीपण सोडायचं हा मोह तर मुळीच ऐकू नका. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर येशूसाठी अभंग लिहिले. त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण ओवीत छापलं गेलं. प्रभू बदलला, भाषा, भाकरी आणि आईचं नाव तेच राहतं.

मोह नाही त्याला मोह म्हणू नका

महिनोन्‌महिने झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही, हात थरथरतात म्हणून दारू लागते, हे आजार आहेत. एलिया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं (१ राजे १९). डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ वर आहे. दारूसाठी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा आहेत. प्रार्थना सुरू ठेवून हे सगळं करता येतं. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आणि दुसरं कोणी तुमच्यावर जबरदस्ती करत असेल तर तो तुमचा मोह नाही, त्याचा अपराध आहे. त्याबद्दल पश्चात्ताप तुम्ही करायचा नाही.

पडलात तर

पडाल. म्हणून ही पायरी आजच शिकून ठेवा.

येशूला धरलं त्या रात्री त्याच्याच शिष्याने, पेत्राने, त्याला तीनदा नाकारलं. योहान सांगतो की थंडी होती आणि अंगणात कोळशाचा विस्तव पेटवला होता. पेत्र शेकत उभा होता (१८:१८). पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी, पहाटे, येशूने मासे भाजायला पुन्हा कोळशाचाच विस्तव केला (२१:९). नव्या करारात त्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द या दोनच ठिकाणी आहे. पेत्र ओला होऊन काठावर आला तेव्हा नाकात तोच धूर गेला असेल. आधी न्याहारी. मग तीन प्रश्न, तिन्ही एकच : माझ्यावर प्रीती करतोस का? ‘पुन्हा असं करशील का’ हे एकदाही विचारलं नाही. आणि प्रत्येक उत्तरामागून काम दिलं, माझी मेंढरं चार.

येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता. त्याने चांदीची नाणीही परत नेली. पण नेली याजकांकडे, आणि ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय? (मत्तय २७:४). चुकीच्या दारात गेला.

पडल्यावर दोन आवाज येतात, ते वेगळे ओळखायला शिका. पवित्र आत्मा नेमकं बोलतो : ‘ते ८५० रुपये.’ सैतानाला शास्त्रात दोष देणारा म्हटलं आहे (प्रकटीकरण १२:१०), आणि तो मोघम बोलतो : ‘तू असाच आहेस.’ नेमकं ऐकलंत तर काहीतरी करता येतं. मोघम ऐकलंत तर फक्त लपता येतं, आणि मी तीन रविवार तेच केलं.

करायचं ते असं. त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, नाव घेऊन कबूल करा. योहानाचं पहिलं पत्र १:९ समोर ठेवा. आपल्या त्या एका माणसाला फोन करा. ज्याचं नुकसान केलं त्याला भरून द्या. जकातदार जक्कयाने चौपट म्हटलं होतं, तुम्ही निदान घेतलं तेवढं तरी द्या. आणि येणाऱ्या रविवारी, मन नसलं तरी, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसा.

चौथ्या रविवारी आमचे पाळक घरी आले. पोटदुखीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तुझा बाप्तिस्मा कोणत्या तारखेला झाला?’ मी तारीख सांगितली. ‘ती बदलली का?’ म्हणाले. मग आम्ही प्रार्थना केली आणि त्यांनी विचारलं, पैसे कधी देणार.

सोमवारी मी हिशेबनिसाकडे गेलो, काय केलं ते सांगितलं आणि ८५० रुपये टेबलावर ठेवले. त्याने ते दोनदा मोजले. बराच वेळ वही उघडून बसला, कारण असे पैसे कुठल्या खात्यात घ्यायचे हे त्याला कळेना. शेवटी त्याने ‘किरकोळ जमा’ असं लिहिलं, पावती फाडली आणि माझं नाव घालताना वर बघून विचारलं, ‘नाव पूर्ण लिहू ना?’

मी म्हणालो, ‘हो, पूर्ण लिहा.’